इरावतीबाई कर्वे : मोजून पाहणाऱ्या विदुषी



थोरामोठ्यांची ओळख करून देणाऱ्या आपल्या या पानावर या वेळी आम्ही इरावतीबाई कर्वे यांचे चरित्र देत आहोत. आपल्यापैकी बहुतेकांना त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक असतील. कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे तुमच्याआमच्यासारखी माणसे म्हणून पाहायला ज्या पुस्तकाने मराठी वाचकाला शिकवले, ते पुस्तक त्यांचे. पण लेखन हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. त्यांचा मुख्य व्यवसाय मानवशास्त्राचा. माणसाचे शरीर कसे घडले, मानवसमूह कसे तयार झाले, नाती आणि जाती कशा जुळल्या याचा अभ्यास करण्यात त्यांनी चाळीस वर्षे घालवली. ही त्यांची बाजू आपल्या मुलांना फारशी माहीत नाही, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहावे असे आम्हांला वाटले.

दुसरेही एक कारण आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा जो धडा होता, त्यात फक्त ‘आनुवंशिकता’ उरली. १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी पत्रक काढून याला हरकत घेतली. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग राहिला. पण दहावीनंतर कॉमर्सला किंवा आर्ट्‌सला जाणाऱ्या मुलाला तो शाळेत भेटलाच नाही तर पुढे कुठे भेटणार? मग त्याला उत्क्रांती समजते ती मोबाईलवरच्या चित्रांतून आणि कुणाच्या तरी भाषणातून. ती बहुधा चुकीची समजते. अशा चुकीच्या समजुतीतून केवढा अनर्थ होऊ शकतो, हे इरावतीबाईंनी तरुणपणी अगदी जवळून पाहिले होते. त्यांचे चरित्र आज वाचायचे ते म्हणून.

शिडी की झाड?

चरित्राकडे वळण्याआधी थोडे विज्ञान पाहू, म्हणजे पुढचे नीट कळेल.

आपण भोपाळकर याबाबतीत भाग्यवान आहोत. भीमबेटकाच्या गुहा आपल्यापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहेत. त्यातील चित्रे १९५७ मध्ये जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे आपल्याच माळव्यातले मराठी गृहस्थ. नर्मदेच्या काठी, सीहोर जिल्ह्यातील हथनोरा गावाजवळ, ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना अतिप्राचीन मानवाच्या कवटीचा जीवाश्म सापडला. आणि श्यामला हिल्सवर, मोठ्या तलावाच्या वर, इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. माणसाची लाखो वर्षांची गोष्ट सांगणाऱ्या इतक्या जागा फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतात.

तरीही उत्क्रांतीचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. डावीकडे वाकलेले माकड, मग जरा ताठ झालेला केसाळ प्राणी, मग आणखी ताठ, आणि उजवीकडे ऐटीत चालणारा माणूस. हे चित्र १९६५ मध्ये एका अमेरिकन पुस्तकात छापले गेले आणि तेव्हापासून टी-शर्टपासून जाहिरातींपर्यंत सर्वत्र पोहोचले. ते पाहून दोन गैरसमज होतात. एक, आजचे माकड बदलत बदलत माणूस झाले. दुसरा, उत्क्रांती ही वर चढत जाणारी शिडी आहे आणि आपण तिच्या शेवटच्या पायरीवर आहोत.

चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्यात शिडी नव्हती, फांद्या फुटत जाणारे झाड होते. चिंपांझी आणि आपण एकमेकांचे बाप-लेक नव्हे, चुलत भावंडे आहोत. आपला समाईक पूर्वज सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्यापासून निघालेली एक फांदी चिंपांझीकडे आली आणि दुसरी आपल्याकडे. आपल्या फांदीलाही अनेक डहाळ्या फुटल्या आणि त्यातल्या बहुतेक वाळून गेल्या. म्हणून “मग आजची माकडे माणसे का होत नाहीत?” हा प्रश्न “माझा चुलतभाऊ अजून मी का झाला नाही?” असे विचारण्यासारखा आहे.

बदल कसा होतो तेही सोपे आहे. एकाच जातीच्या प्राण्यांत थोडाफार फरक असतोच. त्यातला काही फरक आईबापांकडून मुलांकडे जातो. ज्यांचा फरक त्या त्या परिस्थितीला सोयीचा, त्यांची पिल्ले जास्त जगतात. पुढच्या पिढीत तो गुण थोडा वाढतो. अशा हजारो पिढ्या गेल्या की समूह बदललेला दिसतो. बदल समूहात होतो, एकट्या प्राण्याच्या आयुष्यात नव्हे. त्यात कोणी वर चढत नाही आणि कोणी खाली राहत नाही. झुरळ आपल्या जागी यशस्वी आहे, आपण आपल्या.

आता आमच्या भाषेची अडचण पाहा. मराठीत आपण ‘उत्क्रांती’ म्हणतो. त्यातला ‘उत्’ म्हणजे वर. शब्दच चढण सुचवतो. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) या शब्दाबद्दल वेगळीच तक्रार केली होती. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे प्राण निघून जाणे, मृत्यू. म्हणून त्यांना गुणपरिणामासारखा शब्द अधिक बरा वाटला. आपली मुले हिंदी पुस्तकात ‘जैव विकास’ वाचतात, आणि विकास म्हटले की पुन्हा प्रगतीच मनात येते. भरीला भर म्हणून डार्विनचा सिद्धांत सांगताना कोणीतरी ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण लावून देतो. वस्तुतः टिकून राहतो तो बळकटच असतो असे नाही. कित्येकदा लहानखुरा, कमी खाणारा, एकमेकांना धरून राहणाराच टिकतो.

शिडीची ही कल्पना प्राण्यांपुरती राहिली असती तर फार बिघडले नसते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या अनेक विद्वानांनी माणसांचीच शिडी केली. गोरे सर्वांत वर, बाकीचे त्यांच्या खाली, अशी उतरंड रचून तिला विज्ञानाचे नाव दिले. वसाहतींवर राज्य करणाऱ्यांना ती सोयीची होती. ही उतरंड जिथे सर्वांत आग्रहाने शिकवली जात होती, त्याच ठिकाणी आपल्या इरावतीबाई विद्यार्थिनी म्हणून जाऊन पोहोचल्या.

ब्रह्मदेशातून पुण्याला

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीनिमित्त होते. तेथील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या मुलांचे मराठी कसे होईल अशी काळजी करणाऱ्या आपल्याकडच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे, की मराठीतले एक उत्तम गद्य लिहिणारी ही लेखिका रंगूनच्याही पलीकडे जन्मली होती.

सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवले. तेथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि तिच्यामुळे रँग्लर र. पु. परांजपे यांचे घर मिळाले. रँग्लर परांजपे म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ मध्ये पहिले आलेले भारतीय, आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. या घरात इरावती मुलीसारखी वाढली. घरात पुस्तके होती, वाद होते आणि कोणतीही गोष्ट केवळ मोठ्यांनी सांगितली म्हणून मान्य न करण्याची मोकळीक होती.

१९२६ मध्ये त्या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. नंतर मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ मध्ये एम. ए. झाल्या. दरम्यान त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, जर्मनीत शिकून आलेले. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले.

पण सुनेने पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जावे, हे खुद्द महर्षींना पसंत नव्हते. दिनकररावांनी वडिलांचे न ऐकता पत्नीला पाठवायचे ठरवले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून पैसे कर्जाऊ मिळाले. १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये बावीस वर्षांच्या इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या. त्या काळी कडक सोवळ्याओवळ्याच्या घरांतून मुलींना गावातल्या शाळेतही पाठवत नसत, हे ध्यानात घेतले म्हणजे या जोडप्याच्या धैर्याची कल्पना येईल.

बर्लिनमधील १४९ कवट्या

बर्लिनमध्ये एका वर्षापूर्वीच, १९२७ मध्ये, मानवशास्त्र आणि आनुवंशिकता यांच्या अभ्यासासाठी कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक. फिशर त्या वेळचे फार मोठे नाव होते. आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास केला होता आणि त्यावरून असे विवाह होऊ देऊ नयेत असा निष्कर्ष काढला होता. आनुवंशिकतेवर त्यांनी दोघा सहकाऱ्यांसह लिहिलेला ग्रंथ जर्मनीत प्रमाण मानला जात होता.

इरावतीबाईंना प्रबंधासाठी जो विषय मिळाला तो कवटीचा. माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते. फिशर यांचे अनुमान असे होते, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो. तो तर्कबुद्धीचा भाग. त्यामुळे त्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत फरक जास्त पडतो. इतर वंशांत तो तितका पडत नाही. थोडक्यात, कवटी किती वाकडी आहे ते मोजले की बुद्धी कोणाला जास्त आहे ते कळेल. हे सिद्ध करून दाखवायचे काम या नव्या विद्यार्थिनीकडे होते.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या घेतल्या. बर्लिनच्या संग्रहांत युरोपातल्या कवट्या होत्या, तशाच वसाहतींतून आणलेल्याही होत्या. एकेक कवटी हातात घेऊन, ठरावीक बिंदूंपासून उजवीकडचे आणि डावीकडचे अंतर मोजायचे, आकडे मांडायचे, गटवार तुलना करायची. वर्ष-दीड वर्ष हेच. हे काम किती कंटाळवाणे असेल याचा विचार करा. शिवाय परका देश, परकी भाषा, कडाक्याची थंडी आणि उधारीचे पैसे.

आकडे जुळवल्यावर दिसले ते असे. दोन बाजूंत फरक सर्वच वंशांच्या कवट्यांत होता. कोणाच्या कवटीत कमी, कोणाच्या जास्त. पण त्या कमी-जास्तपणाचा वंशाशी काही संबंध लागत नव्हता. युरोपीय कवट्या वेगळ्या निघाल्या नाहीत. अनुमान टिकले नाही.

येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. परक्या देशातली, काळ्या वर्णाच्या लोकांत गणली जाणारी, पदवीसाठी याच प्राध्यापकांवर अवलंबून असलेली एक तरुण मुलगी. निष्कर्ष जरा संदिग्ध शब्दांत लिहिला असता, चार आकडे बाजूला ठेवले असते, तर कोणाला कळले असते? सासरच्या वडीलधाऱ्यांचा विरोध पत्करून ती आली होती. पदवी न घेता परतणे तिला परवडणारे नव्हते. तरी तिने जे मोजले तेच लिहिले. १९३० मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी ती मायदेशी परतली.

पुढे काय झाले ते इतिहासात आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. फिशर त्याच वर्षी बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. आनुवंशिक दोष असल्याचे ठरवून माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला, १९३५ मध्ये वंशशुद्धीचे कायदे झाले, आणि अखेर साठ लाख ज्यूंची आणि आणखी लक्षावधींची हत्या झाली. या सगळ्याला विज्ञानाचा आधार आहे असे लोकांना सांगण्यात आले होते. तो आधार पोकळ आहे हे दाखवणारा एक लहानसा प्रबंध त्याच संस्थेत, एका मराठी मुलीच्या सहीने पडून होता. त्याने काही थांबले नाही हे खरे. पण खोट्या मापाला खरे माप म्हणून सही देणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव नाही, हेही खरे.

पुण्यातील काम

परत आल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाई महर्षी कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि शेवटपर्यंत तेथेच राहिल्या. समाजशास्त्र आणि मानवशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. तेथे त्यांचे सहकारी होते पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकलिया. १९४४ मध्ये दोघांनी गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात लांघणज येथे उत्खनन केले तेव्हा बारीक दगडी हत्यारांसोबत त्या काळच्या माणसांचे सांगाडे सापडले. १९४७ मध्ये दिल्लीला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला.

महाराष्ट्रभर गावोगाव हिंडून त्यांनी निरनिराळ्या जातीजमातींतील माणसांची उंची, डोके, नाक यांची मापे घेतली. डॉ. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी या मापांचा संख्याशास्त्रीय अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. एस. टी., बैलगाडी, पायपीट, जे मिळेल त्याने प्रवास. मुक्काम एखाद्या शाळेत किंवा देवळात. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते, हे या फिरतीच्या स्वभावाला धरूनच झाले.

या मापांतून आणि गावोगावच्या माहितीतून त्यांनी जातीबद्दल एक महत्त्वाचा विचार मांडला. तेव्हाचा सर्वसाधारण समज असा, की मुळात एकच मोठा गट होता आणि तो फुटत फुटत पोटजाती झाल्या. इरावतीबाईंना वेगळे दिसले. महाराष्ट्रातले निरनिराळे कुंभार पाहा. नाव एक, धंदा एक, पण काम करण्याच्या पद्धती वेगळ्या, रोटीबेटी वेगळी. मूळचे अनेक वेगवेगळे समूह एका नावाखाली शेजारी शेजारी येऊन बसले असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. १९६१ मध्ये हिंदू समाजावरील पुस्तकात त्यांनी हे मांडले. त्यानंतर कैलाशचंद्र मल्होत्रा या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची शारीरिक तुलना केली. १९६८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. समाजात एकाच पायरीवर मानल्या गेलेल्या या जातींमध्येही बराच फरक निघाला.

उत्क्रांती नीट समजलेल्या माणसालाच हे सुचू शकते. दोन समूह जवळचे की लांबचे, हे त्यांचे पूर्वज किती समाईक आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या लग्ने कोणाशी झाली यावरून ठरते. समाजाने कोणाला कुठल्या पाटावर बसवले यावरून ते ठरत नाही. वर कोण आणि खाली कोण, हे मोजपट्टीला कळत नसते.

साध्या मराठीत

एवढ्या मोठ्या संशोधकाने फक्त इंग्रजीत आणि फक्त तज्ज्ञांसाठी लिहिले असते तरी कोणी दोष दिला नसता. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा १९५३ चा इंग्रजी ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. पण इरावतीबाईंनी मराठी वाचकाला कधी अंतर दिले नाही. ‘परिपूर्ती’ (१९४९), ‘मराठी लोकांची संस्कृती’ (१९५१), ‘भोवरा’ आणि ‘आमची संस्कृती’ (दोन्ही १९६०), ‘युगान्त’ (१९६७), आणि मृत्यूनंतर आलेले ‘गंगाजल’. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्यांच्या लिहिण्यात एक गोष्ट सतत दिसते. ज्याचा पुरावा आहे ते त्या ठामपणे सांगतात. जे अनुमान आहे ते अनुमान म्हणून सांगतात. पंढरीच्या वारीवरचा त्यांचा लेख घ्या. त्या स्वतः वारकऱ्यांबरोबर चालल्या, भारावून गेल्या, पण वारीतही जातीप्रमाणे पंगती वेगळ्या बसतात हे पाहून गप्प राहिल्या नाहीत. भक्ती लिहिली आणि भेदही लिहिला. महाभारतातल्या थोर पुरुषांनाही त्यांनी हाच नियम लावला. कठीण विषय लोकांना सांगायचा म्हणजे तो गोड करून सांगायचा, असे त्यांना वाटत नव्हते. जसा आहे तसा, पण समजेल असा सांगायचा.

घरही त्यांनी भरभरून केले. मुलगी जाई निंबकर आणि मुलगी गौरी देशपांडे, दोघी लेखिका झाल्या. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी इरावतीबाईंनी उतारवयात जाईबरोबर केली. ११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आजच्या नजरेतून

थोरांचे चरित्र म्हणजे आरती नव्हे. आजचे अभ्यासक इरावतीबाईंच्या कामातील उणीवाही दाखवतात. डोके आणि नाक मोजून समूहांचे मूळ शोधण्याची जी पद्धत त्या बर्लिनला शिकल्या, तीच त्यांनी भारतात दीर्घकाळ वापरली. वंशाच्या उतरंडीचा पुरावा त्यांना मिळाला नाही, तरी वंश ही कल्पना त्यांच्या लिखाणातून पूर्णपणे गेली नाही. ज्या कवट्या त्यांनी मोजल्या, त्यांतल्या कित्येक कोणाच्या होत्या, कोणाच्या थडग्यातून उचलल्या, हे प्रश्न त्या काळी कोणी विचारत नसे. आज विचारले जातात, आणि ते योग्यच आहे.

पण बर्लिनमधले त्यांचे उत्तर काळाने पक्के केले. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने जगभरच्या लोकांच्या रक्तातील घटकांची तुलना केली. माणसामाणसांत जो आनुवंशिक फरक असतो, त्यातला सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहातल्या माणसांमध्ये सापडतो, असे त्यांना आढळले. ज्याला आपण वंश म्हणतो त्या गटांमधला फरक अगदी थोडा. पुढे संपूर्ण जनुकांचे वाचन झाले तेव्हा कोणत्याही दोन माणसांचे ९९.९ टक्के जनुकीय लिखाण सारखे असते हे कळले. आपली मानवजात सुमारे तीन लाख वर्षांची. झाडाच्या मानाने ती कालची पालवी. एवढ्या कोवळ्या डहाळीवर वरची पाने आणि खालची पाने असा भेद कसा करणार?

म्हणूनच उत्क्रांती शिकवायची ती नीट शिकवायला हवी, असे आम्हांला वाटते. काही पालकांना भीती असते, की हा विषय श्रद्धेच्या आड येईल. इरावतीबाई पंढरपूरला पायी गेल्या आणि कवट्याही मोजल्या. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आयुष्यात केल्या. हा विषय न शिकवल्याने श्रद्धा वाचत नाही. फक्त शिडीचे ते चित्र मुलांच्या डोक्यात तसेच राहते. आणि शिडी डोक्यात राहिली की माणूस आपली पायरी शोधू लागतो, आणि आपल्या खाली कोणीतरी असावे असे त्याला वाटू लागते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, आजूबाजूच्या माळवी, बुंदेली, उर्दू, सिंधी, गोंडी बोलणाऱ्या शेजाऱ्यांत मिसळलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

आमची सूचना अशी. दहावीच्या पुस्तकात नसला तरी हा विषय आठवी-नववीच्या विज्ञानाच्या तासाला दोन दिवस घेता येईल. मानव संग्रहालयाची सहल आपण काढतोच. तिला भीमबेटकाची जोड द्यावी. पण मुलांना नुसती रांगेने फिरवून आणू नये. कुठल्याही चित्रापुढे थांबून त्यांना विचारावे : हे झाड दाखवते की शिडी? विश्वस्त मंडळींनी ग्रंथालयासाठी ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि ‘युगान्त’ यांच्या दोन-दोन प्रती घ्याव्यात, अशी विनंतीही येथेच करून ठेवतो.

करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, इरावतीबाईंचा प्रयोग तुम्हांला वर्गातही करता येईल. कवटीची गरज नाही. एक मोजपट्टी घ्या. वर्गातल्या तीस जणांच्या उजव्या आणि डाव्या हाताची वीत मोजा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये. दोन्हींतला फरक प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. फरक बहुतेक सर्वांत निघेल. आता तीस जणांचे कोणतेही दोन गट करा : हजेरी क्रमांक सम आणि विषम, किंवा पावसाळ्यात जन्मलेले आणि बाकीचे. दोन्ही गटांची सरासरी काढा. मग पाहा, दोन गटांमधला फरक मोठा आहे, की एकाच गटातल्या मुलामुलांमधला.

मोजण्याआधी उत्तर काय येईल याचा अंदाज वहीत लिहून ठेवा. अंदाज चुकला तर खोडू नका. त्याच्याच खाली खरे माप लिहा. तुमच्या वह्या शाळेत आणून द्या. त्यांतले आकडे आम्ही पुढील अंकात छापू.